‘बीचफ्रंट म्हणून दगडांवर उतरवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू मी तीन वेळा वाचला. एक तारा दिलात आणि लिहिलंत की, अंदमानात बीचफ्रंट म्हणून आम्ही महागडी रूम गळ्यात मारली, समोर समुद्र नव्हताच, नुसते दगड आणि चिखल होता, सूर्यास्त दिसला नाही, पोरगा दोन दिवस ट्यूब घालून किनाऱ्यावर बसून राहिला आणि बेळगावच्या एजंटांना कमिशनपलीकडे काही कळत नाही. शेवटचं वाक्य सोडलं तर तुमचं बहुतेक म्हणणं खरं आहे. फोन करून मिटवता आलं असतं, पण उद्या दुसरं कुणी अशीच रूम घेणार असेल तर त्यालाही हे वाचायला मिळावं, म्हणून इथंच लिहितोय.

तुम्ही टिळकवाडीच्या ऑफिसात आलात तो दिवस मला आठवतोय. मोबाईलवर रिसॉर्टचा फोटो होता, माडाच्या बुंध्यापर्यंत निळं पाणी. तुम्ही म्हणालात, “हेच पाहिजे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, लांब चालायला नको. रूममधून उतरलं की पाणी.” मी ‘मिळेल की’ म्हणालो आणि बुकिंग करून टाकलं. फोटो खोटा नव्हता, पण भरतीच्या वेळचा होता. ते मी त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. मी स्वतः तिथं राहून आलोय, ओहोटीला त्याच दगडांवर माझा तळपाय कापला होता. माहीत असून बोललो नाही, ही माझी चूक. रिसॉर्टवाल्यांवर ती ढकलणार नाही.

आता असं का झालं ते सांगतो. आपण बेळगावची माणसं समुद्र म्हटलं की तारकर्ली, कळंगूट, कारवार डोळ्यांपुढं आणतो. ओहोटी असली तरी चार पावलं जास्त चाललं की वाळूतच पाय ठेवून पाण्यात उतरता येतं. तुम्ही राहिलात त्या अंदमानच्या हॅवलॉक बेटाचं तसं नाही. (2018 च्या डिसेंबरात त्याचं नाव स्वराज द्वीप झालं, पण आपल्याकडं अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात.) तिथले बरेचसे रिसॉर्ट पूर्वेच्या अंगाला आहेत, गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्यावर. स्थानिक लोक त्यांना तीन नंबर, पाच नंबर बीच म्हणतात. या किनाऱ्यापुढं समुद्राखाली प्रवाळाचा उथळ, सपाट कट्टा लांबपर्यंत पसरलाय. त्याच्यामुळं लाटा बाहेरच फुटतात आणि भरतीला पाणी तळ्यासारखं निवांत असतं. पण तळच उथळ, त्यामुळं पाणी थोडं उतरलं तरी किनारा लांबवर उघडा पडतो आणि खालचा मेलेला प्रवाळ वर येतो. तुम्ही चिखल म्हणताय ती त्या प्रवाळाची बारीक पांढरी माती आहे. त्यात अनवाणी चालवत नाही आणि पोहायचा तर प्रश्नच नाही.

राधानगर हा सात नंबरचा बीच पश्चिमेला आहे. तिथं तळाशी वाळू आहे, ओहोटीलाही पाण्यात उतरता येतं. स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅगही त्याला 2020 मध्ये मिळाला. तुमच्या पोराला हवा होता तो समुद्र हाच. मग तिथली रूम का दिली नाही, असं तुम्ही विचारलंय. त्या बाजूला राहायच्या जागा मोजक्याच आहेत आणि त्यांचा भाव तुमच्या बजेटच्या बराच वर होता. तेवढं मी तेव्हा सांगितलं होतं. पण ‘पाच नंबरला साधी रूम घेऊ, वाचलेल्या पैशांत रोज रिक्षानं राधानगरला जाऊ’ हा मार्ग मी सुचवला नाही. तुमच्यासाठी तोच बरोबर होता.

याहून मोठी चूक तुमच्या रिव्ह्यूत आलेलीच नाही, कारण ती तुम्हाला कळायचं कारण नव्हतं. मला ती रात्री पंचांग काढून बसल्यावर कळली. तुम्ही हॅवलॉकला पोचलात तो दत्तजयंतीचा दिवस, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी सगळ्यात वर चढतं आणि उतरतंही सगळ्यात खाली. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा हा फरक कमी. म्हणजे मी तुम्हाला नेमक्या अशा दिवसांत पाठवलं, जेव्हा तो किनारा सगळ्यात जास्त उघडा पडतो. त्यात तुमचं वेळापत्रक बघा. पहिल्या दिवशी फेरीबोटीनं येऊन रूम मिळेपर्यंत दोन वाजले, चहा-नाष्टा करून तुम्ही खाली उतरलात ते साडेतीन-चारला. ती ऐन ओहोटीची वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी रिसॉर्टपुढं भरपूर पाणी असणार होतं आणि मी तुम्हाला सकाळीच एलिफंट बीचच्या बोटीत बसवलं. परत आलात तेव्हा पुन्हा ओहोटी. तिसऱ्या दिवशी सकाळची परतीची फेरीबोट. दोन रात्रींचे पैसे भरलेत आणि रूमपुढचा समुद्र भरलेला असताना एकदाही तुम्ही तिथं नव्हता. हे वेळापत्रक माझ्या हातचं. बोट दुपारची केली असती, तर सकाळी पोराला मनसोक्त डुंबायला मिळालं असतं.

कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब आपल्या पश्चिम किनाऱ्याचा, अंदमानात तो लागू पडत नाही. पण उधाण कुठल्या तिथीला ते सगळीकडं सारखंच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते, एवढं धरलं आणि त्या ठिकाणचं भरतीचं कोष्टक बघितलं, की बाहेर फिरायला कधी जायचं आणि रूमवर कधी थांबायचं ते ठरवता येतं. आता कुठल्याही बेटाचं बुकिंग करताना मी आधी पंचांग आणि कोष्टक दोन्ही उघडतो.

सूर्यास्ताचं एका ओळीचं आहे. रूम पूर्वेला होती, तिथून सूर्योदय दिसतो, सूर्यास्त नाही. शिवाय अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, पण घड्याळ मात्र एकच. बेळगावात डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, तिथं पाचच्या सुमाराला. ‘पाचला अंधार झाला’ असं लिहिलंत ते खरंच आहे. हे आधी सांगायला दोन मिनिटंही लागली नसती.

पोरानं गोळा केलेले प्रवाळाचे तुकडे एअरपोर्टवर काढून घेतले, त्यात मात्र कुणाचीच अरेरावी नव्हती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळाला संरक्षण आहे, मेलेला तुकडाही आणता येत नाही. भाकरी मिळाली नाही, याला माझ्याकडं उत्तर नाही. बेटावर किराणा बराचसा जहाजानं येतो, तिथं जोंधळ्याची भाकरी मी कबूलही केली नव्हती.

आणि कमिशनचं. ताई, हे वाक्य मला लागलं. रिसॉर्टकडून आम्हाला कमिशन मिळतं, त्यावरच ऑफिस चालतं, ते लपवायचं कारण नाही. पण जास्त कमिशन मिळतं म्हणून तुम्हाला ती रूम दिलेली नाही. गार्डन कॉटेजवर आणि बीचफ्रंटवर मला टक्केवारी एकच आहे. रूम तुमच्या तोंडच्या शब्दाला जुळली म्हणून दिली. तुम्ही ‘बीचफ्रंट’ म्हणालात, मी तो शब्द खोलीच्या जागेपुरता धरला. तुमच्या मनात मात्र पोहता येईल असं पाणी होतं. तुम्हाला नक्की काय पाहिजे ते विचारणं माझं काम होतं.

हे वाचून कुणी बेटावर जायची तयारी करत असेल, तर रिसॉर्टला फोन करून आधी ओहोटीचा फोटो मागा. ते भरतीचा आपणहून पाठवतात, ओहोटीचा मागावा लागतो. पाण्याखाली वाळू आहे की दगड, तेही विचारा. रूमचं तोंड कुठल्या दिशेला आहे, खोलीपासून पाण्यापर्यंत पायऱ्या किती, मधून रस्ता जातो का, हे घरात म्हातारं माणूस असेल तर आधी विचारा. लक्षद्वीप आणि मालदीवची गोष्ट थोडी वेगळी. तिथली बहुतेक बेटं प्रवाळाच्या कड्यात असतात, आत तळ्यासारखं उथळ पाणी (लगून) असतं, त्यामुळं ओहोटीलाही समोर काहीतरी पाणी राहतं. मात्र लक्षद्वीपला आधी परमिट लागतं आणि मालदीवचा खर्च वेगळाच. पोरांना नुसतं डुंबायचंच असेल, तर आपली तारकर्ली अजिबात कमी नाही, हे मी धंदा सोडून सांगतो.

सासूबाई सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. 1950 साली सावरकरांना आपल्या हिंडलग्याच्या जेलमध्येही ठेवलं होतं, हे सासूबाईंना सांगा. नाहीतर आल्या की मीच सांगेन.

पैशांचं असं. गार्डन कॉटेज आणि बीचफ्रंट यांच्यातला फरक रात्रीला 3,200 रुपये होता, दोन रात्रींचे 6,400. ते आज तुमच्या खात्यावर पाठवलेत, माझ्या खिशातून. रिव्ह्यू काढा किंवा तारे वाढवा असं मी म्हणणार नाही, तो जसा आहे तसाच राहू द्या.

एक विनंती मात्र आहे. तुमच्या रिव्ह्यूतला तो फोटो, पोरगा पाठमोरा, कमरेला पिवळी ट्यूब, पुढं लांबपर्यंत काळे दगड आणि पार टोकाला पाण्याची एक रेघ. पोराचा चेहरा त्यात दिसत नाही. तो मला ऑफिसात टेबलामागच्या भिंतीवर, रिसॉर्टनं दिलेल्या निळ्या फोटोशेजारी लावायचाय. तुमची हरकत नसेल तर कळवा, मग प्रिंट काढतो.