खेळवलं की तुला!

"खेळवलं की तुला!" काल बेसबॉलची मॅच संपल्यावर सर म्हणाले. वर पाठीवर थापही मारली.

काय खेळवलं? शेवटच्या इनिंगला आमचा कॅचर समोरच्या पिचरनं बाहेर टाकलेल्या चार बॉलच्या पुण्याईवर फुकटात पहिल्या बेसवर पोचला. गडी वजनदार, म्हणून त्याच्या बदली पळायला मला धाडलं. दुसरा बेस ९० फुटांवर. सरांनी लांबूनच खूण केली, हलायचं नाही. हललो नाही. समोरचा भिडू तीन स्ट्राइक खाऊन आउट झाला, मॅच गेली. बेसबॉलमध्ये एकदा काढलेला खेळाडू परत आत घेत नाहीत, त्यामुळं कॅचरला वाटतंय मीच त्याची जागा खाल्ली. कालपासून बोलत नाही.

त्याआधीच्या आठ इनिंग मी बाकावर होतो, मांडीवर नऊ जणांचे मोबाईल घेऊन. शेजारी एक आबा येऊन टेकले. कान चेपलेले, म्हणजे तालमीतला माणूस.

"तुझा नंबर कवा?"

"मी राखीव आहे, आबा."

"राखीव? राधानगरीच्या जंगलागत?"

"तसंच समजा."

"तितं निदान गवा तरी दिसतोय."

मी मोबाईल मोजायला लागलो.

"हातात काय हाय ते? बघू." ग्लोव्ह त्यांनी स्वतःच्या पंजात चढवला, दाबला, वास घेतला. "कोरं हाय की रं! पायताणागत तेल पाज, न्हाईतर वाळून कडकडंल."

तेल मी दर रविवारी लावतो. ग्लोव्ह एवढा मऊ झालाय की उशाला घेऊन झोपता येईल. सांगणार कुणाला?

"आमच्यात बरं असतंय," आबा म्हणाले. "खासबागेत जोड लागली की दोघंच. पाठ लागली तर आपली लागती. दुसऱ्याची लागल्याली बघत बसाय लागत न्हाई."

खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं, तेव्हा राखीव पैलवानांसाठी बाक ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, हे त्या पैलवानांचं नशीब. फुटबॉल तरी खेळायला हवा होता. शाहू स्टेडियमवर बदली खेळाडू नुसता बुटाची नाडी बांधायला उठला तरी त्याची अख्खी पेठ शिट्ट्या मारते. माझ्या गल्लीत अजून विचारतात, "क्रिकेटच न्हवं?"

आणि सरावाला मी त्या नऊ जणांच्या आधी येतो, सहाला. बुटं माझ्या पैशाची. राइट फील्डला उभं करा म्हटलं, तिकडं तसाही बॉल कमीच येतो, चूक झाली तरी खपेल. तर सर म्हणाले, "तू टीमचा कणा आहेस." कणा बसून बसून दुखायला लागलाय. पहिल्या वर्षी 'सीनियर आहेत' म्हणाले, दुसऱ्या वर्षी 'ज्युनियरांना तयार करायचंय'. मी मधल्या मध्ये कधी सीनियर होऊन गेलो, ते कळलंच नाही.

काल बेसवरून परत आलो तेव्हा आबा तिथंच होते.

"पळाला न्हाईस?"

"सर नको म्हणाले."

त्यांनी माझ्या पांढऱ्याशुभ्र पँटीकडं बराच वेळ बघितलं.

"उद्या हाय का मॅच?"

"आहे."

"मग बाकावर माझी बी जागा धरून ठेव. सावलीकडची."