हाडाच्या शिक्षकाबद्दल वाचून बरं वाटलं

रॉक मेकॅनिक्स, म्हणजे खडक भार कसा सोसतो अन् कधी सरकतो याचा अभ्यास, शिकवणाऱ्या सरांवरचा लेख आवडला, खडकांवर आयुष्यभर काम करणाऱ्या प्राध्यापकांबद्दल मराठीत कोण लिहितं सांगा. फक्त पीएचडी, पेपर, पुरस्कार एवढंच मांडलंय, हा विषय का लागतो ते पण यायला हवं होतं. १९५९ ला फ्रान्समधलं माल्पासे धरण फुटलं, काँक्रीट चांगलं होतं पण डाव्या बाजूचा खडकच सरकला, चारशेच्या वर माणसं गेली. मग १९६२ ला ऑस्ट्रियात साल्झबर्गला या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि पुढच्याच वर्षी इटलीत वायोंतला डोंगर जलाशयात कोसळला, धरण तसंच उभं राहिलं पण उसळलेल्या पाण्यानं खालची गावं वाहून गेली. त्यानंतर खडकाला मार्क द्यायच्या पद्धती आल्या, जशी बार्टनची क्यू १९७४ ची, अन् खडक किती ताण सोसेल ते काढायचा होएक-ब्राऊनचा निकष १९८० चा, आजही बोगदा काढताना हेच वापरतात.

आपल्या सोलापुरात तर हा विषय अंगणातच आहे ना. वर काळी माती, पावसात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माझ्या घराच्या भिंतीला दोनदा तडे गेले कारण पाया मुरमापर्यंत नेलाच नव्हता. खाली मुरूम, मग काळा पाषाण, मधेच लाल मातीचा थर लागला की विहीर खणणारे सावध होतात, कारण तो पाण्यानं ढिला पडतो. सिव्हिलच्या पोरांनी मास्टर्सला स्ट्रक्चरच्या मागं न लागता हा विषय घ्यावा असं मनापासून वाटतं, लेखात सरांच्या फील्डवर्कबद्दल अजून यावं ही विनंती.