४६ या आकड्याने नेटचा वेग वाढत नाही

लातूर-नांदेडकडच्या विद्यार्थ्यांच्या आणि सेतू केंद्रचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे: राऊटरमध्ये सगळ्या पॅकेटांना, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांना, डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण द्या, नेट दुप्पट पळेल, कंपनीला तुमची पॅकेटे आधी न्यावीच लागतील, शिवाय विंडोजने अडवून ठेवलेला २० टक्के वेगही सोडवून घ्या. ऐन ऑनलाइन मुलाखतीत ज्यांचा आवाज तुटतो, अशा मुलांच्या माथी हा उपाय मारला जातो, याची चीड येते.

आधी वेगाचे पाहू. डीएससीपी ही आयपी पॅकेटच्या हेडरमधली, म्हणजे पत्ता असलेल्या सुरुवातीच्या भागातली, ६ बिटांची खूण आहे. तिचे मानक १९९८ साली आले आणि ४६ हा आकडा उशीर न खपणाऱ्या, आवाजासारख्या वाहतुकीसाठी सुचवला गेला. ही खूण फक्त रांगेतला क्रम सांगते, लाइनची क्षमता वाढवत नाही. सगळ्याच पॅकेटांना ४६ देणे म्हणजे तुळजापूरच्या दर्शनरांगेत प्रत्येकाच्या हाती व्हीआयपी पास देणे होय.

कंपनीवर बंधन असल्याचा दावाही खोटा आहे. खुणेला काय किंमत द्यायची, हे प्रत्येक नेटवर्क आपल्या हद्दीपुरते ठरवते. घरगुती जोडणीवरून आलेली खूण तिथे बहुधा पुसली जाते किंवा तिच्याकडे दुर्लक्ष होते.

२० टक्क्यांची अफवा विंडोज एक्सपीच्या काळातली आहे. ती मर्यादा एखाद्या प्रोग्रामने मागितलेल्या राखीव वाट्यापुरती असते; कोणी वाटा मागितला नाही, तर पूर्ण क्षमता सर्वांना मिळते, असे मायक्रोसॉफ्टने तेव्हाच स्पष्ट केले होते.

मग आवाज तुटतो कशाने? समजा, केंद्राचा अपलोड २ एमबीपीएस आहे आणि शेजारच्या संगणकावरून कागदपत्रांचे स्कॅन चढत आहेत. १५०० बाइटांचे एक पॅकेट बाहेर पडायला ६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे अशी १०० पॅकेटे पुढे उभी असली की कॉलचे पॅकेट ६०० मिलिसेकंद अडकते. चांगल्या संभाषणासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. ही रांग अनेकदा मोडेममध्ये लागते, त्यामुळे राऊटरमधल्या खुणेला तिथे कोणी विचारत नाही. म्हणून राऊटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षा थोडी कमी, इथे १.८ एमबीपीएस, ठेवावी. रांग राऊटरमध्येच लागते आणि क्रम आपल्या हाती येतो. त्यानंतर ४६ फक्त कॉलच्या पॅकेटांना द्यावा आणि स्कॅन नेहमीच्या रांगेत राहू द्यावेत. वायफायवर मात्र जपून: अनेक उपकरणे खुणेची पहिली ३ बिटेच वाचतात, त्यामुळे ४६ची पॅकेटे आवाजाऐवजी व्हिडिओच्या रांगेत जातात. कॉलचा संगणक केबलने जोडला, तर हा घोळ टळतो.