चिमणीला हात लावू नका

परवा आमच्या बिल्डिंगमध्ये भरताचा बेत होता. वांगी नानांची, गॅस नानांचा, आणि भाजून निघाली चिमणी. ज्यांच्या घरी हा योग अजून आलेला नाही, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. धुळ्यापासून जळगावपर्यंत, ओट्यावर चिमणी लटकवलेल्या तमाम घरमालकांनी मनावर घ्याव्यात.

पहिली गोष्ट, चिमणी एकदा बसवली की परत तिच्याकडे मान वर करून बघायचं नाही. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी बघितली ना? झालं तिचं काम.

वांगी चिमणीखालीच भाजायची. शेतात तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायला आता वेळ कुणाला आहे? बर्नर मोठा करायचा, वर भांडं नाही, ज्योत मोकळी. आणि तिच्या वर दोन-अडीच फुटांवर वर्षभराच्या फोडण्या पिऊन तट्ट झालेली जाळी. शेवभाजीला तर्री पाहिजे, तर्रीला तेल पाहिजे, आणि त्या तेलाची वाफ कुठंतरी जाऊन बसणारच. ती जाळीत बसते, आतल्या पंख्याला चिकटते, पाइपात थर धरते. बसू द्या. आपलंच तेल आहे.

जाळी धुवायची हौस असेलच तर कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवा. अल्युमिनियमची असली तर सकाळी काळी ठिक्कर होऊन निघेल. मग कळकट दिसायचा प्रश्नच मिटला.

पाइप कसा न्यायचा हे फर्निचरवाल्यावर सोपवा. तो पीओपीच्या वरून, कपाटाच्या मागून, चार वळणं देऊन बरोब्बर लपवतो. प्रत्येक वळणाला हवेचा जोर कमी होतो आणि तेल साचायला कोपरा मिळतो, पण दिसतं किती छान! जोडांना टेप गुंडाळली की काम भागतं. पैसे वाचवायचे असतील तर सरळ पीव्हीसीचा पाइप टाका, आगीत तो वितळून वाट मोकळी करून देतो. बाहेरच्या तोंडाला झडप आणि जाळी नकोच. कबुतरांनी मग घरटी कुठं करायची? वाळक्या काड्या, त्यावर तेलकट वाफ. होळी रचून तयार, फक्त नारळ तेवढा आणायचा.



आता ऑटोक्लीन. हे वाक्य मी दिवाळीआधी ऐकलं. माझ्याकडे सर्व्हिसवाला येणार होता, म्हणून म्हटलं, नाना, तुमचीपण दाखवून घ्या. नाना म्हणाले, ‘काही नही व्हत, भाऊ. आपली ऑटोक्लीन आहे.’ वा! बटण दाबलं की पापं धुतली! अहो, ऑटोक्लीन म्हणजे आत एक हीटर असतो. तो पंख्याभोवतीचं तेल तापवून पातळ करतो आणि ते खालच्या वाटीत उतरतं. संपलं त्याचं काम. ती वाटीसुद्धा तुम्हालाच काढून रिकामी करायची असते. नानांची वाटी मी नंतर बघितली. काठोकाठ भरून वर साय धरली होती, आणि त्या सायीत एक झुरळ अडकलेलं होतं. अशी वाटी असते हेच घरात कुणाला माहीत नव्हतं! पाइपाच्या आत काय आहे, जोड सुटलाय का, झडप चिकटलीय का, वायरीवर तेलाचा थर बसलाय का, हे कुठल्या बटणाला कळतं? त्याला माणूस लागतो. पंखा उतरवणारा, पाइप सोडून आत टॉर्च मारणारा. पण नाही. ऑटोक्लीन आहे!

आणि आग लागलीच, तर चिमणी चालू ठेवा. धूर जायला नको का? पंखा ती ज्योत उचलून थेट पाइपात ओढून नेतो. शेजारच्या शेगडीवरची कढई पेटली तर तिच्यात तांब्याभर पाणी ओता. नानांनी दोन्ही केलं.

बस झालं. आता सरळच बोलतो. त्या पाइपाचं तोंड आमच्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या जिथं उघडतात, त्याच डक्टमध्ये निघतं. माझा पडदा जळाला, ते सोडा. वरच्या मजल्यावरच्या आक्का ऑक्सिजनच्या मशीनवर असतात, त्यांच्या खोलीत काळा धूर भरला. त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणावं लागलं. तुमचं घर, तुमची चिमणी, तुमची मर्जी, हे मला सांगू नका! गाडीची सर्व्हिसिंग एक महिना लांबली तर जीव खालीवर होतो तुमचा, आणि रोज जिच्याखाली बायको-सून उभी असते ती पाच पाच वर्षं उघडत नाही? पेटलं तर आधी गॅस बंद, चिमणीचा बोर्डावरचा स्विच बंद, आणि 101 ला फोन, एवढं तरी घरातल्या पोरांना शिकवा. वर्षातून एकदा कंपनीचा माणूस बोलवा, पाइप सोडायला लावा, आणि तो सोडत असताना मोबाईल खिशात ठेवून शेजारी उभे राहा. नुसती काच पुसून सही मागायला लागला, तर सही देऊ नका.