छत्तीसचा आकडा

माझ्या तोंडात एकूण २८ दात असून त्यांपैकी २७ दातांशी माझे संबंध सौहार्दाचे आहेत. उरलेल्या चार अक्कलदाढा सतरा ते एकवीस या वयात यायच्या होत्या, त्या सत्तेचाळिशी उलटली तरी आलेल्या नाहीत, आणि या विषयावर माझ्या सासुरवाडीत जे बोलले जाते ते मी येथे नोंदवणार नाही. भांडण आहे ते एकाच दाढेशी. खालच्या जबड्यात डावीकडे, मधल्या रेषेपासून मोजत गेल्यास सहाव्या जागेवर ती बसलेली आहे. तिला स्वतःचा असा क्रमांक आहे हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते. दंतवैद्य डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडात आरसा घालून सहायिकेला ‘थ्री-सिक्स’ असे सांगितले, सहायिकेने केसपेपरवर ३६ लिहून त्याभोवती गोल काढला, आणि मी आ वासलेल्या अवस्थेतच मनाशी म्हणालो की, या दाढेशी आपला कोणता आकडा आहे हे आपण केव्हापासून ओळखून होतो.

दातांना क्रमांक देण्याची ही पद्धत मला लेखापाल या नात्याने फार आवडली. तोंडाचे चार भाग करायचे. रुग्णाच्या वरच्या उजव्या भागाला १, वरच्या डाव्याला २, खालच्या डाव्याला ३ आणि खालच्या उजव्याला ४ म्हणायचे. मग प्रत्येक भागात मधोमध उभे राहून मागे मोजत जायचे. पहिले दोन पटाशीचे दात, तिसरा सुळा, चौथी आणि पाचवी उपदाढ, सहावी ते आठवी दाढ. दुधाच्या दातांचे खाते वेगळे असून त्यांच्या भागांना ५ ते ८ हे आकडे दिलेले आहेत. ही पद्धत ठरवणाऱ्यांत मराठी माणूस नसावा, नाहीतर एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले तीन आणि सहा त्याने एका दाढेच्या माथी मारले नसते. बरे, एकमेकांकडे तोंड करून बसलेला ६३ हा सख्याचा आकडा कोणाच्या वाट्याला आला आहे ते मी मुद्दाम शोधून पाहिले. तो आहे वरच्या डाव्या बाजूच्या दुधाच्या सुळ्याचा, आणि तो सुळा दहा-बारा वर्षांच्या वयात पडून जातो. अमेरिकेतले दंतवैद्य निराळा हिशेब ठेवतात आणि माझ्या या दाढेला ते १९ म्हणतील. तिकडे जन्मलो असतो तर कदाचित आमचे जमलेही असते.

भांडणाला तोंड फुटले ते एका रविवारी रात्री अडीच वाजता. जेवताना गार श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीला दाढेत बारीकशी कळ आली होती, तिच्याकडे मी श्रीखंडावरील निष्ठेपायी दुर्लक्ष केले होते. आडवा झालो आणि त्या कळेचा ठणका झाला. यामागचे कारण डॉक्टरबाईंनी नंतर समजावून सांगितले. गालाला सूज आली की गाल फुगतो, बोटाला आली की बोट फुगते; परंतु दाढेच्या आतला रक्तवाहिन्या आणि नसांचा जो मऊ गाभा असतो, त्याच्या चहूबाजूंना डेंटीनच्या टणक भिंती असल्याने त्याला फुगायला जागाच नसते. दीड खोलीच्या घरात गणपतीला कोकणातले दोन्हीकडचे पाहुणे उतरावेत तशी आत दाटी होते, आणि आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढला की ती आणखी वाढते. म्हणून मी पहाटेपर्यंत दिवाणखान्यात खुर्चीवर ताठ बसून होतो.

आईने उठून लवंगेचे तेल आणले आणि कोणती दाढ ते विचारले. मी विचारपूर्वक वरची डावी दाढ दाखवली. आईने तिच्यावर तासभर कापसाचे बोळे ठेवले, पण यत्किंचितही फरक पडला नाही, कारण ती दाढ पूर्णपणे निर्दोष होती. दाढेच्या गाभ्याला वेदना कळते, पत्ता कळत नाही. खालच्या दाढेचे दुखणे माणूस बेधडक वरच्या दाढेच्या नावावर टाकतो. एवढेच खरे की, डावीकडचे दुखणे सहसा मधली रेष ओलांडून उजवीकडे जात नाही. खतावणीतही रक्कम चुकीच्या खात्यावर पडते ती बहुधा शेजारच्याच.

खऱ्या गुन्हेगाराचा शोध डॉक्टरबाईंनी आरशाच्या दांड्याने लावला. त्यांनी एकेका दाताला हळूच टिचक्या मारल्या. वरच्या दाढेला मारली, मी स्वस्थ. खालच्या ३५ ला मारली, तरीही स्वस्थ. ३६ ला मारली तेव्हा मी खुर्चीपासून सुटलो आणि परत खुर्चीत आलो. “काका, हीच,” असे त्या अत्यंत समाधानाने म्हणाल्या. त्यांनी मला काका म्हणावे इतके आमच्या वयात अंतर होते काय, हा प्रश्न मी तोंडात तीन वस्तू असल्यामुळे विचारू शकलो नाही. भिंतीत खिळा ठोकावा तशी दाढ जबड्यात ठोकलेली नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दाढ त्या तंतूंच्या झोळीत टांगलेली असते. पोह्यातला बारीकसा खडा आपल्याला लगेच कळतो तो या तंतूंमुळे. गाभ्यातली आग मुळाच्या टोकाबाहेर या झोळीपर्यंत पोचली की मग पत्ता कळतो, आणि टिचकी मारणाऱ्यालाही कळतो.

यानंतर क्ष-किरण चित्र. ओटो वॉल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने जानेवारी १८९६ मध्ये दातांचे पहिले क्ष-किरण चित्र काढून घेतले, तेही स्वतःच्या दातांचे, आणि त्यासाठी तो २५ मिनिटे निश्चल राहिला होता. आता हे काम निमिषार्धात होते, तरी तो सेन्सर जिभेखाली रुतवल्यावर मला तीन वेळा ओकारी आली, तेव्हा आमच्यात संशोधक का निपजत नाहीत याची थोडी कल्पना आली. पडद्यावर माझी दाढ दिसली: पसरट माथा, खाली एकामागे एक अशी दोन मुळे, माथ्यात लहानपणी भरलेल्या चांदीचा पांढराफेक तुकडा, आणि त्याच्या कडेखालून थेट गाभ्यापर्यंत गेलेली काळी सावली.

ही चांदी दाढेत का भरावी लागली, यात वैराचे मूळ आहे. साताऱ्याच्या आमच्या कौलारू घरात माझा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा समारंभ झाला होता. तो दात मी अंगणातून कौलांवर फेकला, पहिल्या दोन फेकींत तो परत खाली आला, तिसऱ्या फेकीत वर राहिला, आणि आजोबांनी माझ्या हातावर चार आणे ठेवले. त्याच सुमारास, अगदी मागच्या बाजूला, काहीही न पाडता आणि कोणालाही न उठवता ३६ आली. तिची दखल कोणीही घेतली नाही. साऱ्यांची समजूत अशी की, दुधाचे दात पडतात आणि त्यांच्या जागी कायमचे येतात. ज्याच्या आधी काही पडले नाही तो अर्थातच दुधाचा. पुढे नवव्या वर्षी तिच्यावर काळा ठिपका दिसला तेव्हा “दुधाचीच आहे, पडेल” असा निकाल घरात एकमताने लागला. ती पडेना, तेव्हा दोन वर्षांनी चांदी भरावी लागली.

वास्तविक संस्कृतात दाताला द्विज म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो. पण हे बिरुद ३२ पैकी २० जागांनाच लागू पडते. दुधाचे दात वीसच. त्यांच्या जागी पटाशीचे दात, सुळे आणि उपदाढा येतात. मागच्या बाराही दाढा कोणाच्या गादीवर येत नाहीत. जबडा मागे वाढत जातो तशा त्या नव्या जागेवर बसतात, पहिली सहाव्या वर्षी, दुसरी बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि तिसरी माझ्या बाबतीत कधीच नाही.

त्यातही ३६ ची तयारी मी समजत होतो त्यापेक्षा फार जुनी निघाली. तिचा अंकुर आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारासच धरलेला असतो आणि तिच्यावर कठीण कवच चढू लागते ते जन्माच्या आगेमागे. हे कवच, म्हणजे इनॅमल, रोज सुमारे चार मायक्रोमीटर या संथ गतीने घडत जाते आणि त्यात झाडाच्या खोडासारख्या बारीक रेषा पडतात. त्यांतली एक जन्माची. जन्माच्या धक्क्याने कामात जो खंड पडतो त्याची ती रेघ दुधाच्या दातांवर असतेच, आणि या पहिल्या कायमच्या दाढेवरही बहुधा सापडते. माझा जन्म श्रावणातल्या पावसात झाला असे आई सांगते, शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी रिवाजाप्रमाणे १ जून लिहिले आहे, आणि या वादातला एकमेव निःपक्षपाती दस्तऐवज मी गेली अनेक वर्षे चकली फोडण्यासाठी वापरत आलो होतो.

हे इनॅमल शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर असते. मात्र ते घडवणाऱ्या पेशींचे वर्तन आमच्या सोसायटीच्या बिल्डरसारखे आहे: दाढ हिरडीबाहेर आली, म्हणजे ताबा दिला, की त्या नाहीशा होतात. पुढे गळती निघो, तडा जावो, दुरुस्तीला कोणी येत नाही. आतले डेंटीन करणाऱ्या पेशी तेवढ्या इमानी. त्या जन्मभर गाभ्याच्या कडेला राहून आतल्या बाजूने थरावर थर चढवत राहतात, आणि त्यामुळे वय वाढेल तशी आतली खोली लहान होत जाते. डॉक्टरबाईंना माझ्या दाढेतल्या वाटा शोधायला वेळ लागला तो त्यांच्या या इमानामुळे.

रूट कॅनलच्या दिवशी सुईने माझा अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि स्वाभिमान बधिर करण्यात आला. मग दाढेभोवती रबराचा हिरवा पडदा ताणून बसवला, त्यातून एकटी ३६ वर आलेली, आणि माझे बाकीचे तोंड जणू ओटीत जागा न मिळालेल्या वऱ्हाडासारखे पडद्याआड. खालच्या पहिल्या दाढेला मुळे दोन असली तरी त्यांतल्या वाटा सहसा तीन असतात. पांढरी, पिवळी, तांबडी, निळी अशा रंगीत मुठींच्या सुया एकामागून एक आत जाऊ लागल्या. वाट कोठे संपते हे सांगणारे यंत्र टोक जवळ येताच रिक्षा मागे घेताना वाजते तसे वाजू लागले. दीड तासाने डॉक्टरबाई हर्षभरित स्वरात म्हणाल्या, “काका, चौथी वाट सापडली!” वास्को द गामाच्या खलाशांनाही कालिकतचा किनारा दिसल्यावर इतका आनंद झाला असेल असे वाटत नाही. माझे मत त्यांनी विचारले नाही.

धुऊन पुसून रिकाम्या झालेल्या वाटांत गट्टापर्चा भरला गेला. हा मलायाकडील झाडांच्या चिकापासून होणारा पदार्थ. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांना याचेच वेष्टन असे, आणि १८७० मध्ये मुंबई सुवेझशी जोडली गेली तीही अशाच तारेने. तेथे त्याच्या आतून निरोप जात; माझ्या दाढेतून निरोप येणे कायमचे बंद व्हावे म्हणून तो घातला. वर तात्पुरते सिमेंट लिंपले, त्याचा वास आला, आणि घरी पोचताच आईने तो ओळखला. “लवंग!” ती म्हणाली. खरोखरच त्यात लवंगेच्या तेलातले युजेनॉल होते. “मग तिला कशाला पैसे दिलेस?” या प्रश्नाला, लवंग तू चुकीच्या दाढेवर ठेवली होतीस, हे उत्तर ओठ बधिर असल्याने मला देता आले नाही, आणि बधिरता उतरल्यावर धैर्य उरले नाही. चहा मी डावीकडून सदऱ्यावर प्यायलो.

आठवड्याने कॅप बसली. तोवर मी घरातला दंतपंडित झालो होतो, आणि त्याचा पहिला उपद्रव माझ्या साडेसहा वर्षांच्या मुलीला झाला. तिचा खालचा पटाशीचा दात पडला होता. कौले नसल्याने आम्ही तो चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर फेकला, आणि वॉचमनने तो प्रामाणिकपणे परत आणून दिला. या गडबडीत मी मोबाइलचा प्रकाश पाडून तिच्या मागच्या हिरडीत पाहिले. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, ७५ च्या पाठीमागे, पाच उंचवट्यांची नवीकोरी ३६ अर्धी वर आलेली होती. मुळे अजून पुरती झालेली नव्हती. ती नऊ-दहा वर्षांपर्यंत होत राहतात. माथ्यावरच्या खाचा मात्र खोल होत्या, ब्रशचा केस आत शिरणार नाही इतक्या. घरात या वेळी “दुधाचीच आहे” असे कोणीही म्हणणार नाही याची मी सर्वांना एकत्र बोलावून व्यवस्था केली. दाढ पुरती वर आली की खाचा लेपाने बुजवू, असे डॉक्टरबाईंनी सांगितले.

“ही कधी पडणार?” मुलीने विचारले.

“ही पडत नाही,” मी म्हणालो, “जन्मभर राहते.”

“म्हणजे फेकायची नाही?”

“नाही.”

यावर तिचा त्या दाढेतला रस संपला. मला मात्र राहवेना. रात्री ब्रश झाल्यावर मी खात्री करण्यासाठी बोट आत घालून मागपर्यंत चाचपले, आणि तिने ते कडकडून चावले. बोटावर उमटलेले वळ मी दिव्याखाली धरून पाहिले. चावा डावीकडचा होता. क्रमांक सांगायला मला या वेळी डॉक्टरबाई लागल्या नाहीत.