चौसष्टाचे पासष्ट कसे होतात?

नववी-दहावीच्या पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. माध्यमिक वर्गांत खेळांतून भूमिती शिकवणे हे नव्या धोरणाचे खूळ आहे, कागद कापणे प्राथमिक शाळेतच शोभते, खेळामुळे मुले ‘डोळ्यांना दिसले म्हणजे सिद्ध झाले’ असे मानू लागतात आणि अभ्यासक्रम मागे पडतो, असे त्यात म्हटले आहे. गोव्यात बरीच वर्षे गणित शिकवत असल्याने त्यातल्या एका मुद्द्याशी मी अंशतः सहमत आहे, बाकीच्यांशी नाही.

खूळ नवे असल्याचा आरोप तर टिकतच नाही, कारण कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे टी. सुंदर राव यांचे पुस्तक १८९३ सालीच मद्रासमध्ये छापले गेले होते.

प्राथमिक शाळेचा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. व्हॅन हीले हे डच दांपत्य माध्यमिक शाळेतच शिकवत होते, आणि मुले सिद्धता पाठ करतात पण त्यांना ती कळत नाही, हा त्यांचा रोजचा अनुभव होता. आकृती ओळखणे, तिचे गुणधर्म जाणणे, त्या गुणधर्मांचे परस्परसंबंध लावणे आणि मग तर्काने सिद्ध करणे अशा पायऱ्या त्यांनी १९५७ मध्ये मांडल्या. मधली पायरी गाळून वरची गाठता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे यात भाषेची भर पडते. मराठी किंवा कोकणीतून चौथी झालेले बहुतेक मूल पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाते, तेव्हा काटकोन आणि कर्ण हे त्याचे शब्द मागे राहतात. हाताखालची आकृती मात्र तीच असते. चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीच्या लाकडी चौकटीला हात लावलेल्या मुलाला ठाऊक असते, की चार पट्ट्या नुसत्या कोपऱ्यांत बांधल्या तर चौकट तिरकी होते आणि कर्णावर एक पट्टी मारली की ती हलत नाही. ‘का?’ असे विचारले की तीन बाजू ठरल्या म्हणजे त्रिकोण ठरतो, ही एकरूपतेची कसोटी त्याच्याच तोंडून येते.

‘दिसले म्हणजे सिद्ध झाले’ हा आक्षेप मात्र खरा आहे. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर जुळवले आणि तास संपवला, तर मूल तीच सिद्धता समजून घरी जाते. (प्रकल्पासाठी पालकांनी रात्री जागून केलेल्या मॉडेलांबद्दल तर न बोललेलेच बरे.) परंतु यावरचा उताराही खेळातच आहे. चौकटीच्या कागदावर ८ × ८ चा चौरस काढा. त्यातून ८ × ३ चा आयत वेगळा करून कर्णावर कापा, म्हणजे दोन काटकोन त्रिकोण मिळतील. उरलेल्या ८ × ५ च्या आयताचे दोन सारखे समलंब चौकोन करा, ज्यांच्या समांतर बाजू ५ आणि ३ असतील. हे चार तुकडे वेगळ्या रीतीने मांडले, की ५ × १३ चा आयत तयार होतो. चौसष्टाचे पासष्ट झाले! वर्ग आधी हसतो, मग भांडतो, मग पुन्हा मोजतो. शेवटी कुणीतरी चढ काढून पाहते: त्रिकोणाच्या तिरक्या बाजूचा ३/८, समलंबाच्या तिरक्या बाजूचा २/५, म्हणजे ०.३७५ आणि ०.४. नव्या आयताचा जो कर्ण सरळ भासत होता तो सरळ नाही. त्याच्या पोटात एक चौरस एकक क्षेत्रफळाची बारीक फट लपलेली आहे. डोळ्यांवर विश्वास का ठेवू नये, हे मी फळ्यावर इतक्या वेळा सांगूनही जे पटले नव्हते, ते इथे एका तासिकेत पटते आणि समरूप त्रिकोणांचा धडा आपसूक सुरू होतो.

राहिला वेळेचा प्रश्न. प्रत्येक प्रमेयाला खेळ हवा असे कुणी म्हणत नाही. मी सत्रात चार-पाचच घेतो, आणि प्रत्येकानंतर कारणासह दोन ओळी वहीत लिहून घेतल्याशिवाय तास संपवत नाही. खरी अडचण वेळेची नसून कात्र्यांची आहे. त्या सगळ्यांना पुरत नाहीत, म्हणून चौघांत एक देतो आणि घंटा होण्याआधी मोजून परत घेतो.