डाऊन सिंड्रोम ‘बरा’ झालेला नाही

‘क्रिस्परने डाऊन सिंड्रोम बरा केला, आता एका इंजेक्शनात जादा गुणसूत्र निघून जाईल’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. क्रिस्पर म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापण्याचं तंत्र; आणि डाऊन सिंड्रोममध्ये पेशीत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. मूळ संशोधन खरं आहे आणि चांगलंही आहे. जपानच्या मिए विद्यापीठातल्या र्योतारो हाशिझुमे यांच्या गटाने ते २०२५ साली प्रसिद्ध केलं. मजकुरातलं बाकीचं मात्र त्या संशोधनात कुठेच नाही.

‘बरा केला’. कोणाला? प्रयोग झाला तो डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर. त्यात पेशंट कुणी नव्हता.

‘जादा गुणसूत्र सहज काढलं’. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रतींपैकी नेमकी एकच ओळखायची, तिच्यावर अनेक ठिकाणी घाव घालायचे आणि ती पेशीतून गळून पडते का ते पाहायचं, असं हे काम. यश वाढावं म्हणून पेशीची डीएनए-दुरुस्तीची यंत्रणाही तात्पुरती दाबून ठेवली होती. डिशमध्ये हे चालतं, पण शरीरात तीच दुरुस्ती आपल्याला कॅन्सरपासून वाचवते. एवढं करूनही सर्वाधिक यश ३०.६ टक्के. गुणसूत्रं मोजायला शिकणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा: कॉल्चिसीन देऊन विभाजन थांबवायचं, पेशी फुगवायच्या, स्लाइडवर थेंब टाकायचा, गिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचं आणि मग एकेक पेशी मोजत बसायचं, नेहमीची ४६ की एक जादा धरून ४७? इथे दहातल्या सात पेशींत सत्तेचाळीसच निघणार.

‘सिकलसेलवर क्रिस्परचं औषध आलंच की’. रक्ताच्या या आनुवंशिक आजारावर ते आलं, २०२३ मध्ये. पण त्यात रक्ताच्या मूलपेशी बाहेर काढून, बदलून परत देतात. डाऊन सिंड्रोमचा परिणाम मेंदूवरही होतो, आणि मेंदू असा बाहेर काढता येत नाही. आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. तो गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांतच घडून गेलेला असतो.

‘मग भ्रूणातच करू’. २०१८ मध्ये चीनचे शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी भ्रूणातलं एकच जनुक बदलायला घेतलं. बदल ठरवल्यासारखे झाले नाहीत आणि त्यांना तीन वर्षांची कैद झाली. एकविसाव्या गुणसूत्रावर तर दोनशेहून जास्त जनुकं आहेत.

हा मजकूर आई-बाप रात्री जागून वाचतात, म्हणून मला राग येतो. अमेरिकेत १९८३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षं होतं, आज ६०च्या आसपास आहे. हृदयाच्या वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियांचा आणि नियमित तपासण्यांचा त्यात मोठा वाटा आहे.